पक्की गल्ली

माप घेताना बाई खोटं बोलत नाही. कंबरेभोवती टेप गुंडाळून "श्वास सोडा" म्हटलं, की श्वासाबरोबर बाकीचंही बरंच बाहेर पडतं. वीस वर्षं मी घराच्या पुढच्या खोलीत शिलाईकाम करते. नवं कमीच, जास्त करून जुनं उसवून नव्या अंगाला बसवायचं. त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाची कंबर किती वाढली, कोण जावेशी बोलत नाही आणि कोण कुणाला मत देतं, हे तिन्ही मला ठाऊक असतं. पहिलं वहीत लिहिते, उरलेलं पोटात ठेवते.

पोटात ठेवणं सोपं नव्हतं, कारण शिलाईच्या खोलीपलीकडच्या खोलीत माझे सासरे राहतात, आणि सासरे म्हणजे पक्षाच्या आमच्या शाखेचे सेक्रेटरी. गेली एक्केचाळीस वर्षं. आमच्या घरात नुसतंच 'पक्ष' म्हणतात, जणू जगात एकच आहे. बाकीचे सगळे मिळून 'ते दुसरे'.

मामंजींचं चुकत होतं असंही नाही. ते रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात फिटर होते. आठ तासांची पाळी मिळाली ती पक्षामुळे, या तीन मजली इमारती झाल्या त्या पक्षामुळे, आणि कोपऱ्यावरचा दवाखाना तर रविवारी सुट्टीच्या दिवशी या लोकांनी स्वतःच्या हातांनी विटा वाहून बांधला. खिडकीखालच्या विटांची ओळ मामंजींची. "ती जरा वाकडी आहे ना, तीच यांची," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात.

पण तो पक्ष निराळा आणि हल्लीचा निराळा. कारखाना बंद झाला तेव्हा पक्षाचाच मंत्री येऊन सांगून गेला, की ही एक संधी आहे. कुणाला, ते सांगितलं नाही. आता तिथे सोफे विकतात. पत्रकांवर छापलेलं असतं, 'सर्वांसोबत, समतोल साधत, उद्याच्या दिशेने.' दात घासायच्या पेस्टची जाहिरातसुद्धा याहून ठाम असते हो. पेस्टवाला निदान दात पांढरे होतील असं तरी म्हणतो.

मामंजी हे सगळं ऐकायचे आणि म्हणायचे, "वरच्यांना वरचं कळतं. आपली गल्ली पक्की आहे ना, झालं."

गल्ली पक्की आहे हे त्यांना कार्डांवरून कळायचं. एक लाकडी खोका, त्यात अठ्ठेचाळीस कार्डं, घरटी एक. घर आपलं असेल तर लाल पेन्सिलीची खूण, डळमळीत असेल तर निळी, 'त्या दुसऱ्यांचं' असेल तर काळी. दर निवडणुकीआधी मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून घरोघर जायचे. चहा प्यायचे, मुलांच्या परीक्षा, म्हाताऱ्यांचे खोकले, सगळ्याची विचारपूस करायचे आणि जिन्यात येऊन कार्डावर लाल खूण करायचे. मत कुणाला, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

"विचारायचं काय त्यात?" ते म्हणायचे. "घरच्या माणसाला कुणी विचारतं का, बाबा रे, तू आमचाच ना?"

आणि गल्लीनेही कधी सांगितलं नाही. कारण याच माणसाने कुणाचं पेन्शनचं अडलेलं काम मार्गी लावलेलं, कुणाच्या गच्चीवरची टाकी गळायची थांबवलेली. त्यांनी सभ्यपणाने विचारलं नाही, लोकांनी प्रेमापोटी सांगितलं नाही, आणि खोक्यात अठ्ठेचाळीस कार्डं लालबुंद. माझ्या टेपच्या हिशेबाने खरी लाल अकरा. तीही ओढूनताणून.

मग निवडणुकीच्या तोंडावर एका सोमवारी दवाखान्याच्या दारावर कागद लागला.

'सेवांच्या एकत्रीकरणामुळे हे केंद्र येत्या एक तारखेपासून बंद.' खाली नगरपालिकेचा शिक्का. नगरपालिका पक्षाचीच, गेली तेवीस वर्षं.

सासूबाईंच्या घोट्याजवळ जखम आहे, साखरेच्या दुखण्यातली, हट्टी. एक दिवसाआड दवाखान्यात जाऊन सिस्टरकडून पट्टी बदलून घ्यायची. आमच्या दारापासून तो बासष्ट पावलांवर. त्यांनी मोजलीत, त्यातली दहा कुरकुरत टाकतात. दवाखाना गेला तर दोन बस बदलून नदीकाठच्या नव्या केंद्रात जायचं. सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, एक आठवडा पट्टी चुकली तर पायाचं काही खरं नाही. त्या दोन बस चढणार आहेत का?"

त्या घरातल्या घरात खुर्चीवरून उठताना तीन वेळा देवाला आणि एकदा मला हाक मारतात. दोन बस कुठल्या चढणार?

मामंजींनी कागद दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"चूक झालेली दिसते. दुसऱ्या कुठल्या दवाखान्याचा कागद इथे लावलाय."

"वर आपल्याच दवाखान्याचं नाव आहे मामंजी."

"मग वर माहीतच नसेल. सूनबाई, पर्स घे. कचेरीत जाऊ."

पक्षाची कचेरी बाजाराच्या रस्त्यावर, काचेच्या दाराची. पूर्वी तिथे बाकं होती आणि किटली असायची. आता एक गोल टेबल, एक कुंडीतलं झाड (खोटं, मी चिमटा घेऊन पाहिला) आणि कॉम्प्युटरसमोर पस्तिशीतली एक समन्वयक बाई. बाजूला अर्धा खाल्लेला पाव. बाई वाईट नव्हती. डोळ्यांखाली काळं आलेलं, ब्लाउजचं एक बटण तुटायला आलेलं. माझा हात सुईकडे जाणार होता.

"या काका, बसा! तुमची शाखा म्हणजे आमचा अभिमान."

मामंजींनी अभिमान बाजूला सारून दवाखान्याचं सांगितलं. बाईने मान हलवली, कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर शहराचा नकाशा. काही गल्ल्या लाल, काही निळ्या, काही काळ्या.

"हे बघा काका. साधनं थोडी आहेत. मग ती जिथे गरज आहे तिथे न्यावी लागतात. नदीकाठची वस्ती बघा, निळी. तिथे आपलं डळमळीत आहे. तिथे दवाखाना दिला तर ती मतं येतील. तुमची गल्ली बघा, लालेलाल. तिथे काही दिलं नाही तरी मतं येतातच."

"म्हणजे आम्ही पक्के आहोत म्हणून आमचा दवाखाना त्यांना?"

"असं नाही म्हणायचं काका..."

"मग कसं म्हणायचं?"

बाईने पावाकडे पाहिलं.

"आणि आम्ही पक्के आहोत हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मामंजींनी विचारलं. आवाज अजून चढलेला नव्हता.

"तुम्हीच की," बाई म्हणाली. "दर वेळी तुमचीच कार्डं येतात. मोजणी तर अख्ख्या प्रभागाची एकत्र होते, गल्लीचं वेगळं काही कळत नाही. आम्ही तुमच्या शब्दावर चालतो काका. एक्केचाळीस वर्षांत एक निळी खूण नाही. सगळ्या शहरात असं दुसरं कुणी नाही."

परतीच्या वाटेवर मामंजी माझ्यापुढे भराभर चालत होते. बसचा थांबा आमच्या गल्लीतून हलवला होता तेव्हा, वाचनालयाला कुलूप लागलं तेव्हा, प्रत्येक वेळी ते म्हणाले होते की वरच्यांना वरचं कळतं. आता सोफ्यांच्या दुकानापाशी थांबले. काचेमागच्या एका गुलाबी सोफ्याकडे बराच वेळ बघत राहिले, जणू त्यानेच दगा दिलाय.

"रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," ते म्हणाले. "आणि मी एक्केचाळीस वर्षं सांगत राहिलो, की आमचं बाळ हसतंय."

आपलेच दात, आपलेच ओठ.

"सूनबाई, खरं सांग. गल्ली पक्की आहे ना?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण बासष्ट पावलं आठवली.

"माझ्याकडे लोक विश्वासाने बोलतात, मी नाव घेणार नाही," मी म्हटलं. "तुम्हीच विचारा. कधी विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मामंजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. खोका माझ्या हातात दिला. मी घाबरून घाबरून मागे. सत्तर पार केलेला माणूस, एका दुपारी अठ्ठेचाळीस दारांत मन मोडून घ्यायला निघालेला.

पहिलं दार बेकरीवाल्या वहिनींचं.

"या या काका! चहा टाकते."

"नको. आधी उत्तर, मग चहा. मागच्या वेळी मत कुणाला दिलंत?"

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची कंबर वर्तमानपत्रात छापून आणलीय. मी दोन्ही हात वर केले.

"काका, असं कुणी विचारतं का?"

"मी विचारत नव्हतो, म्हणून तर ही वेळ आली. सांगा."

वहिनींनी पदर सारखा केला, नव्हता विस्कटलेला तरी. "त्या दुसऱ्यांना," त्या म्हणाल्या. "दोन वेळा. त्याआधी आपल्यालाच हो! पण आपले लोक यायचे बंद झाले. ते दुसरे निदान येऊन खोटं तरी बोलतात."

मामंजींनी खोक्यातून कार्ड काढलं. लाल खूण खोडली. मग, आश्चर्य म्हणजे, म्हणाले, "आता चहा टाका."

समोरच्या मास्तरांनी अर्धा तास भाषण दिलं आणि त्यातून निघालं एवढंच, की त्यांनी एका अपक्षाला मत दिलं, कारण त्याने त्यांच्या पत्राला उत्तर पाठवलं होतं. उत्तरात काय होतं? "माझं नाव चुकवलं होतं. पण उत्तर होतं!" वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी बारा वर्षं कोरी मतपत्रिका पेटीत टाकत होत्या. मोठीने सांगितलं, धाकटी रडायला लागली, "काका, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही जात तरी होतो!" मामंजींनीच तिची समजूत घातली.

कळस केला नळवाल्याने. दारातच बसला होता, पान्हे पुसत.

"मी?" तो म्हणाला. "मी मतदानाच्या दिवशी मासे धरायला जातो. सुट्टी असते ना."

"पण तू तर दर निवडणुकीला संध्याकाळी मला मासा आणून देतोस!"

"मग? उगाच देतो का? मनाला टोचतं म्हणून देतो."

"मला वाटायचं विजयाचा आनंद म्हणून!"

"काका, आपण हरलो त्या वर्षीही दिला होता की."

मामंजी एकदम हसायलाच लागले. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नळवाला आधी भ्याला, मग तोही हसला, मग जिन्यातल्या दोन बाया डोकावल्या. त्यानंतरच्या दारांत लोक विचारायच्या आधीच सांगायला लागले. बातमी आमच्या पुढे पळत होती. एकाने तर दार उघडून उभ्या उभ्या तीन निवडणुकांचा कबुलीजबाब दिला आणि म्हणाला, "हलकं वाटलं हो." ताकाला जाऊन भांडं लपवायचं किती दिवस चाललं होतं, ते गल्लीलाही त्या दिवशीच कळलं.

रात्री जेवायच्या टेबलावर मामंजींनी कार्डं मांडली. पक्की लाल, नऊ. माझा अंदाजही दोनाने चुकला होता.

"आपलं घर राहिलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा पाय स्टुलावर, पट्टी ताजी. "मला नाही विचारणार?"

"तुला काय विचारायचं?"

"हेच, हेच तुमचं. साऱ्या गल्लीला विचारलंत, घरच्या बाईला काय विचारायचं!"

मामंजींनी पेन्सिल खाली ठेवली. हात जोडले. "बाईसाहेब, आपलं मत कुणाला?"

"पक्षालाच," सासूबाई म्हणाल्या. "दर वेळी. पण पक्षावरच्या प्रेमाने नाही. निकालाच्या दिवशी तुमचं पडलेलं तोंड मलाच बघावं लागतं म्हणून."

मी भांडी घासायला उठले होते, पण मामंजींचा मोहरा वळलाच. "आणि तू, सूनबाई?"

"मागच्या वेळी गेलेच नाही," मी नळाकडे तोंड करून म्हटलं. "लग्नाचा झगा पुरा करायचा होता."

"कुणाचं लग्न होतं?"

"कुणाचंच नव्हतं मामंजी."

मामंजी उठले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि मी घासलेलं एकेक भांडं पुसायला लागले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. दोन पेले नीट पुसलेसुद्धा.

मग टेबलाशी बसून त्यांनी निळ्या पेन्सिलीला टोक केलं आणि अठ्ठेचाळीसही कार्डांवर निळी खूण केली. नऊ लाल होती त्यांवरही.

"हे खोटं नाही का होत?" मी विचारलं.

"ज्याचा दवाखाना जातोय तो डळमळीतच," ते म्हणाले. "त्याला अजून माहीत नसेल एवढंच."

कार्डं बुधवारी कचेरीत पोचली. गुरुवारी सकाळी नगरपालिकेच्या गाडीने आमच्या गल्लीतला खड्डा बुजवला. तो खड्डा इतका जुना होता, की आम्ही पत्ता सांगताना त्याची खूण सांगायचो. दुपारी समन्वयक बाई स्वतः आली, तोंडाला फेस. "काका, हे काय? अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस? नकाशा बघून साहेबांचं जेवण अर्ध्यावर राहिलं!"

"त्यांना म्हणावं, जेवून या," मामंजी म्हणाले. "आणि तू बस, ते बटण आमची सूनबाई लावून देईल."

शनिवारी उमेदवार साहेब आले. बरोबर फोटोवाला. सोयीची जागा म्हणून माझीच खोली निवडली. गल्लीतले तीसेक लोक आत आणि उरलेले दारात, खिडकीत. साहेबांनी बाह्या दुमडल्या होत्या, कामगारासारख्या. पण दुमड आजचीच होती, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. असलं मला लगेच दिसतं.

"मित्रांनो," साहेब म्हणाले, "कुठेतरी आपण आपल्याच माणसांपासून दूर गेलो..."

"दूर म्हणजे दोन बस," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पट्टी बांधलेला पाय उचलून स्टुलावर ठेवला, बरोबर साहेबांच्या आणि फोटोवाल्याच्या मध्ये.

हशा झाला. साहेबही हसले, पण पायाकडे बघून थांबले. सासूबाईंनी त्यांना जखमेचं सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. साहेबांचा रंग पट्टीसारखा झाला. मग त्यांनी विचारलं, "मावशी, दवाखाना इथून किती लांब?" त्या म्हणाल्या, "बासष्ट पावलं. चला दाखवते." आणि खरोखर उठल्या, साहेबांच्या दंडाला धरून. तीन वेळा देवाला हाक मारली, चौथ्यांदा साहेबांना. अख्खी गल्ली मागे. बासष्ट पावलांना अकरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात साहेब एकही वाक्य 'समतोल' शब्द घालून बोलले नाहीत, हे मी मुद्दाम ऐकत होते.

दवाखान्याच्या दारात मामंजींनी कोरा कागद पुढे केला. "तोंडाने नको. लिहून द्या."

"काका, तुम्ही आपल्या पक्षाचे इतके जुने... माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे हो," मामंजी म्हणाले. "पण मी फार विश्वास ठेवला की तुमचं नुकसान होतं. नकाशात मग काही दिसत नाही तुम्हाला."

साहेबांनी लिहिलं. सही केली. मंगळवारी दारावरचा कागद बदलला: दवाखाना चालू, आठवड्यातून तीन दिवस. दुधाची तहान ताकावर, पण एक दिवसाआडची पट्टी तीन दिवसांत बसते. एक तारखेला दार उघडलं तेव्हा सासूबाई पहिल्या. सिस्टरने जखम पाहून सांगितलं, कडा भरत आल्यात. सासूबाई दिवसभर सगळ्यांना तेच सांगत होत्या.

साहेबांनी जाताना हळूच विचारलं होतं, "मग आता खूण लाल ना काका?" मामंजी म्हणाले होते, "निळीच राहील. निळ्या रंगावर तुम्ही भेटायला येता."

मतदानाच्या दिवशी मीही गेले, खोटा झगा न शिवता. नळवाला मासे सोडून आला होता, नाराज तोंडाने. रांगेत मामंजी माझ्या पुढे. त्यांची पद्धत ठरलेली: आत शिरायचं आणि शिरल्या न शिरल्यासारखं बाहेर यायचं. या वेळी आत गेले ते गेलेच. दोन मिनिटं झाली, पाच झाली. अधिकारी खाकरला. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारबाबा झोपले की काय?" आठव्या मिनिटाला बाहेर आले, चष्मा कपाळावर, गाल तांबूस.

"बरं वाटत नाही का?" मी घाबरून विचारलं.

"छे! विचार करत होतो," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा त्या पडद्याआड विचार केला. जागा छान आहे ती. शांत."

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "कुणाला दिलंत?"

मामंजींनी चपला काढल्या, शर्ट खुंटीला लावला, खुर्चीत बसले.

"गुप्त मतदान असतं," ते म्हणाले.

"अहो, मला सांगायला काय झालं? एक्केचाळीस वर्षं न विचारता माहीत होतं!"

"तेच तर."

सासूबाईंनी त्यांना चहाबरोबर विचारलं, जेवताना विचारलं, झोपायला जाताना विचारलं. मामंजी नुसते हसायचे आणि पायाखाली उशी सरकवून द्यायचे. रात्री त्या माझ्याकडे येऊन कुजबुजल्या, "सूनबाई, उद्या त्यांच्या शर्टाचं माप घे ना गं जरा. बोलतील तुझ्याशी."

माप घेतलं. छाती दोन बोटं वाढलीय. बाकी काही बोलले नाहीत.